पुन्हा परीक्षेस बसावे काय?



माझ्या आजच्या भाषणाचा विषय वरवर पाहता लहान आहे. कायद्याच्या शिक्षणाला प्रवेश मिळावा म्हणून जी परीक्षा द्यावी लागते, तीत मनाजोगे गुण मिळाले नाहीत, तर ती पुन्हा एकदा द्यावी की देऊ नये, एवढाच तो प्रश्न. परंतु ज्या घरात हा प्रश्न उभा राहतो, त्या घराला तो लहान वाटत नाही. त्यात एका तरुण आयुष्याचे एक वर्ष गुंतलेले असते, आईबापांच्या मिळकतीचा काही भाग गुंतलेला असतो, आणि या दोहोंहून नाजूक अशी एक गोष्ट, म्हणजे त्या मुलाचा किंवा मुलीचा स्वतःवरील विश्वास, तीही गुंतलेली असते. म्हणून या प्रश्नाचा निकाल घाईने, रागाने किंवा शेजाऱ्याच्या मुलाकडे पाहून लावणे बरे नव्हे. तो कसा लावावा, याचा थोडा विचार आज करू.

प्रथम ही परीक्षा काय आहे ते पाहू. पूर्वी निरनिराळ्या राष्ट्रीय विधी विद्यापीठांच्या निरनिराळ्या प्रवेशपरीक्षा असत आणि विद्यार्थ्याला गावोगाव धावाधाव करावी लागे. २००८ साली सात विद्यापीठांनी मिळून एकच सामाईक परीक्षा घेतली; तिलाच आपण ‘क्लॅट’ म्हणतो. आज त्या विद्यापीठांची संख्या दोन डझनांच्या घरात गेली आहे, आणि आपल्या मुंबई, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथील तीन विद्यापीठे तीत आहेत. २०२४ च्या प्रवेशापासून या परीक्षेत १२० प्रश्न व १२० मिनिटे असा हिशेब आहे. बरोबर उत्तरास एक गुण मिळतो, चुकीच्या उत्तरास पाव गुण वजा होतो. इंग्रजी, चालू घडामोडी, कायदेविषयक विचार, तर्क आणि थोडे गणित असे तिचे पाच भाग आहेत. ती वर्षातून एकदाच, अलीकडे डिसेंबरच्या आरंभी, होते. तिच्या जोडीला २०१६ पासून आपल्या राज्याची स्वतंत्र विधी सीईटी आहे. पुण्याचे १९२४ साली स्थापन झालेले आय. एल. एस. महाविद्यालय किंवा मुंबईचे १८५५ पासूनचे शासकीय विधी महाविद्यालय यांची दारे या परीक्षेने उघडतात. तीत चुकीच्या उत्तरास गुण कापले जात नाहीत.

आता वर्षातून एकदाच होणे, या एका गोष्टीने आपला प्रश्न किती अवघड केला आहे, ते परदेशाच्या उदाहरणावरून ध्यानात येईल. अमेरिकेत अशा प्रकारची परीक्षा १९४८ सालापासून चालू आहे. ती तेथे वर्षातून अनेक वेळा होते. एका विद्यार्थ्याला पाच वर्षांत पाच वेळा आणि सगळ्या आयुष्यात सात वेळा तीस बसता येते. १२० ते १८० या मापावर गुण मिळतात, आणि विशेष हे की, गुणांच्या आकड्यासोबत त्याच्या अलीकडचा व पलीकडचा असा एक पट्टाही कळविला जातो. याचा अर्थ, परीक्षा घेणारे स्वतःच सांगतात की, आमचे हे माप अदमासाचे आहे. त्याच विद्यार्थ्याला दुसऱ्या दिवशी बसविले तर दोन-तीन गुण इकडेतिकडे होतील. आपल्याकडे हा पट्टा छापलेला नसतो. पण तो असतो, हे विसरू नये. मात्र अमेरिकेतील विद्यार्थ्याला पुन्हा बसण्यासाठी काही महिने खर्ची घालावे लागतात, तर आपल्या विद्यार्थ्याला वर्ष घालावे लागते. स्वस्त वस्तू घेताना मनुष्य फार विचार करीत नाही. महाग वस्तू घेताना त्याने तो केला पाहिजे.

हा विचार कोणत्या कसोटीने करावा? मला वाटते की, ज्या शास्त्राच्या दारात हे विद्यार्थी उभे आहेत, त्या शास्त्रानेच ही कसोटी तयार करून ठेविली आहे. एकदा निकाल लागल्यावर त्याच न्यायालयापुढे जाऊन “माझे म्हणणे पुन्हा ऐका” असे म्हणण्याची मुभा कायद्याने दिली आहे. तिला पुनर्विलोकन म्हणतात. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या सत्तेचाळिसाव्या आदेशात ती आहे. पण ती मुभा सरसकट नाही. “मी हरलो, मला वाईट वाटते” हे कारण तेथे चालत नाही. “तोच पुरावा व तेच युक्तिवाद पुन्हा ऐका, कदाचित या वेळी निकाल निराळा लागेल” हेही चालत नाही. अर्जदाराला तीनपैकी एक कारण दाखवावे लागते. निकालात उघड दिसणारी चूक आहे. किंवा योग्य ती खटपट करूनही त्या वेळी पुढे आणता न आलेला नवा व महत्त्वाचा पुरावा आता हाती आहे. किंवा तितकेच सबळ असे दुसरे काही कारण आहे. पुन्हा परीक्षेस बसणे हे आपल्याच आयुष्यातील एक पुनर्विलोकन होय. तेव्हा हीच तीन कारणे घेऊन प्रश्नाकडे पाहू.

पहिले कारण उघड चुकीचे. निकाल हाती आला की पुष्कळ मुले उत्तरपत्रिका पुन्हा पाहतच नाहीत. दुःखाची वस्तू कोणाला उलगडून पाहावीशी वाटते? परंतु परीक्षक चुकत नाही असे मानण्याचे कारण नाही. २०२५ च्या प्रवेशासाठी झालेल्या क्लॅटच्या काही उत्तरांवरून वाद न्यायालयात गेला, आणि मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उत्तरांत दुरुस्ती करून गुणवत्तायादी नव्याने लावण्याचा आदेश दिला. तेव्हा तात्पुरती उत्तरसूची निघते, त्या वेळी ठरलेल्या मुदतीत ती ताडून पाहावी आणि आक्षेप असल्यास नोंदवावा. त्यासाठी वर्ष द्यावे लागत नाही. चुकीचा दुसरा प्रकार म्हणजे त्या दिवसाची आपत्ती. आदल्या रात्री ताप भरणे, घरात कोणी दगावणे, उत्तराचे गोल एक ओळ चुकवून भरले जाणे, अशा गोष्टी घडतात. असे खरोखर घडले असेल, तर त्या दिवसाचे गुण त्या विद्यार्थ्याचे नव्हेत, त्या आपत्तीचे होत. आणि पुन्हा बसण्यास ते चांगले कारण आहे. मात्र येथे प्रामाणिकपणा हवा. परीक्षेच्या दालनात छाती धडधडणे ही आपत्ती नव्हे. ती पुढल्या वर्षीही धडधडेल, कदाचित अधिकच.

याची परीक्षा करण्याचा एक साधा उपाय सांगतो. परीक्षेपूर्वी घड्याळ लावून दिलेल्या शेवटच्या दहा सराव परीक्षांचे गुण एका कागदावर लिहावेत, त्यांची सरासरी काढावी, आणि तिच्याशेजारी खऱ्या परीक्षेचे गुण मांडावेत. सरासरी पुष्कळ वर व खरे गुण पुष्कळ खाली असतील, तर तो दिवस फिरला असे म्हणता येईल. पण दोन्ही आकडे जवळजवळ असतील, तर परीक्षेने तुमच्याविषयी खरी साक्ष दिली आहे. त्या साक्षीवर रागावून उपयोग नाही. ती बदलावयाची असेल तर आपणच बदलले पाहिजे.

येथे दुसरे कारण येते, नव्या पुराव्याचे. आणि हाच सगळ्या प्रश्नाचा गाभा आहे. पुढल्या वर्षी परीक्षेपुढे मी असे काय ठेवणार आहे, की जे या वर्षी माझ्याजवळ नव्हते? “मी जास्त अभ्यास करीन” हे या प्रश्नाचे उत्तर नव्हे. तो केवळ संकल्प आहे. उत्तर प्रश्नपत्रिकेतच शोधावे लागते. जे गुण गेले त्यांचे तीन ढीग करावेत. पहिला, जे ठाऊकच नव्हते. दुसरा, जे येत होते पण तेथवर पोहोचण्यास वेळ उरला नाही. आणि तिसरा, जेथे नुसता अंदाज मारला.

या तिन्हींची औषधे निराळी आहेत. समजा, एखाद्याने वीस उत्तरे चुकविली. तर त्या वीस जागांचे गुण तर गेलेच, शिवाय हातचे पाच गुण गेले. जेथे एका गुणाने कित्येकांच्या क्रमांकात अंतर पडते, तेथे हे पाच गुण लहान नव्हेत. डोळे मिटून चारांतला एक पर्याय निवडणाऱ्याचा नफातोटा जवळजवळ सारखा होतो; दोन पर्याय विचाराने बाद करून उरलेल्या दोहोंतून निवडणाऱ्याला मात्र नफा असतो. हे ज्याला कळले, त्याचा तिसरा ढीग काही आठवड्यांच्या शिस्तीने कमी होईल. पहिल्या ढिगात चालू घडामोडी पुष्कळ असतील, तर हे ध्यानात ठेवावे की, हा भाग सुमारे पाव परीक्षेचा आहे आणि तो नाशिवंत आहे. यंदाच्या बातम्या पुढील वर्षी शिळ्या होतात. दुसऱ्या खेपेस बसणाऱ्याला तेथे फारसा वारसा मिळत नाही.

दुसरा ढीग सर्वांत बोलका आहे. या परीक्षेतील बहुतेक प्रश्न साडेचारशे शब्दांपर्यंतच्या इंग्रजी उताऱ्यांवर असतात. कायद्याचे आधीचे ज्ञान तीत अपेक्षित नाही. अपेक्षित आहे ते भरभर व नेमके वाचणे. तालुक्याच्या गावी मराठी शाळेत शिकलेल्या हुशार मुलाचा वेळ येथेच संपतो. त्याची बुद्धी कमी पडत नाही, त्याचे इंग्रजी वाचन कमी पडते. आणि वाचन ही वर्षभरात निश्चित वाढणारी शक्ती आहे. अशा मुलाने रोज तास-दोन तास इंग्रजी वर्तमानपत्रातील अग्रलेख व न्यायालयीन निकालांची वृत्ते वाचण्याचा नेम खरोखर धरला, तर पुढल्या वर्षी तो नवा पुरावा घेऊन जाईल. त्याने अवश्य पुन्हा बसावे. उलट, ज्याने दोन वर्षे उत्तम क्लासात काढली, शेकडो सराव परीक्षा दिल्या आणि जो गेले सहा महिने एकाच आकड्यावर थांबला आहे, त्याने तेच पुन्हा एक वर्ष केले तर नवे काय होईल, हे मला सांगता येत नाही. त्यालाही सांगता येणार नाही.

या बाबतीत महात्मा गांधींचे उदाहरण मननीय आहे. कायद्याच्या शिक्षणासाठी लंडनला असताना ते तेथील मॅट्रिक्युलेशनच्या परीक्षेस बसले. बॅरिस्टर होण्यास ती आवश्यक नव्हती. लॅटिन भाषेत ते नापास झाले. दुसऱ्या खेपेस बसताना त्यांनी काय केले, हे त्यांनी आत्मचरित्रात सांगितले आहे. राहणी अधिक साधी करून त्यांनी वेळ व पैसा वाचविला. लॅटिनचा अभ्यास पुन्हा धरला. आणि ज्या रसायनशास्त्रात प्रयोगांवाचून मन रमत नव्हते, ते सोडून उष्णता व प्रकाश हा विषय घेतला. १८९० साली ते उत्तीर्ण झाले. पुन्हा बसण्याची हीच रीत होय. काय अडले ते नावानिशी ओळखले, जे बदलता येईल ते बदलले, आणि मग परीक्षा दिली.

आता तिसरे कारण, इतर सबळ कारणाचे. तुम्हाला तेच विद्यापीठ का हवे? राष्ट्रीय विधी विद्यापीठात राहून शिकण्याचे लाभ खरे आहेत. तेथील ग्रंथालय, अभिरूप न्यायालयाच्या स्पर्धा, देशभरातून आलेले सहाध्यायी, मोठ्या वकिली कंपन्यांशी असलेला संबंध, यांची थट्टा करण्यात अर्थ नाही. ज्याला त्या कंपन्यांतच काम करावयाचे आहे, त्याला एका वर्षाची किंमत मोजणे परवडेलही. पण ज्याला आपल्या जिल्ह्याच्या न्यायालयात उभे राहावयाचे आहे, त्याने हे पाहावे की, १९६१ च्या अधिवक्ता अधिनियमाखाली मिळणारी सनद सर्वांना सारखीच असते. महाराष्ट्र व गोवा वकील परिषदेच्या नोंदवहीत महाविद्यालयाच्या नावावरून वकिलांच्या पायऱ्या लावलेल्या नाहीत, आणि न्यायाधीश युक्तिवाद ऐकताना प्रवेशपरीक्षेचे गुण विचारीत नाहीत. मुंबईच्या ज्या शासकीय विधी महाविद्यालयाचा उल्लेख मघाशी केला, त्याच्या प्राचार्यपदी १९३५ पासून काही वर्षे डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. सीईटीने मिळणाऱ्या महाविद्यालयास दुय्यम म्हणण्यापूर्वी एवढे आठवावे.

शिवाय ही वाट एकदाच फुटते असेही नाही. पदवी घेऊन तीन वर्षांचा विधी अभ्यासक्रम करता येतो. पाच वर्षे कोठेही कायदा शिकून, पुढे क्लॅटच्याच पदव्युत्तर परीक्षेने त्याच विद्यापीठांत एल्‌एल. एम. साठी जाता येते. बारावीनंतरच्या क्लॅटलाही वयाची कमाल मर्यादा नाही. दार बंद झाले, असे अठराव्या वर्षी समजणे ही वस्तुस्थिती नव्हे. तो त्या वयाचा स्वभाव आहे.

येथे कायद्यातील आणखी एक तत्त्व उपयोगी पडते. अपील दाखल केले म्हणजे हुकूमनाम्याची अंमलबजावणी आपोआप थांबत नाही. तद्वत् पुन्हा परीक्षा द्यावयाची म्हणून आयुष्य तहकूब केलेच पाहिजे असे नाही. डिसेंबरात निराशा झालेल्या मुलाने प्रथम बारावीची परीक्षा नीट द्यावी, उन्हाळ्यात सीईटी द्यावी, मिळेल तेथे कायद्याच्या किंवा कला शाखेच्या वर्गात नाव घालावे, आणि पहिले वर्ष शिकता शिकता पुढल्या डिसेंबरात पुन्हा क्लॅटला बसावे. गुण आले तर पुढे जावे. न आले तर वर्ष हातचे गेलेले नसते. मात्र नाव काढून घेतल्यास शुल्क व मूळ कागदपत्रे कशी परत मिळतात, याचे नियम आधी वाचून घ्यावेत. ज्याचा दुसरा ढीग फार मोठा आहे, अशा थोड्यांनाच सबंध वर्ष मोकळे ठेवण्याची, म्हणजे मुलांच्या भाषेत ‘ड्रॉप’ घेण्याची, खरी गरज असते.

आता पालकांशी दोन शब्द. या वर्षाची किंमत पैशात किती, ते मुलांना स्पष्ट सांगा. “तू काळजी करू नकोस” असे तोंडाने म्हणून मागाहून दर महिन्याला क्लासचे शुल्क व खोलीचे भाडे ऐकविणे हे क्रौर्य आहे. झेपत नसेल तर आजच नाही म्हणा. मुलांना नकार सोसतो, टोमणे सोसत नाहीत. आणि एक गोष्ट विशेष आग्रहाने सांगतो. मुलाला दुसरी संधी देताना जे घर हिशेब करीत नाही, तेच घर मुलीच्या बाबतीत “आता किती वर्षे शिकणार?” असे विचारू लागते. ज्या तीन कसोट्या मी सांगितल्या त्यांत मुलगा व मुलगी हा भेद कोठेही नाही. मुलीजवळ नवा पुरावा असेल, तर तिचा अर्ज मुलाच्या अर्जाइतकाच मंजूर झाला पाहिजे.

शेवटी, या निर्णयाला मुदत असावी. पुनर्विलोकनाच्या अर्जास सामान्यतः तीस दिवसांची मुदत असते. आपणही तेवढीच घ्यावी. निकालानंतरचे पहिले आठ दिवस काहीच ठरवू नये. त्या दिवसांत मनुष्य विचार करीत नाही, नुसता सोसत असतो. नंतरच्या तीन आठवड्यांत प्रश्नपत्रिका उलगडावी, तीन ढीग करावेत, घरात पैशाचे बोलावे, आणि एका कागदावर स्वतःच्या हाताने अर्ज लिहावा. त्यात तीन ओळी पुरेत: माझे गुण कशामुळे गेले, या वर्षी मी कोणती गोष्ट निराळी करणार, आणि मला तेच विद्यापीठ का हवे. तिन्ही ओळी सरळ लिहिता आल्या तर पुन्हा बसावे आणि मग मागे पाहू नये. लेखणी दुसऱ्या ओळीवर अडली, तर तो अर्ज नामंजूर समजावा आणि मिळालेल्या महाविद्यालयात ताठ मानेने जावे. संहितेत असेही सांगितले आहे की, पुनर्विलोकनावर झालेल्या निर्णयाचे पुन्हा पुनर्विलोकन होत नाही. वादाला कोठे तरी अंत हवा, हे त्यामागील शहाणपण आहे. दुसऱ्या प्रयत्नानंतर जो निकाल लागेल तो आपला म्हणून स्वीकारावा.

कायद्याच्या धंद्यात पुढे अनेक खटले जिंकावे लागतात आणि अनेक हरावे लागतात. हरलेल्या खटल्यात अपील करण्याजोगे काही आहे की नाही, हे पक्षकाराला निःस्पृहपणे सांगणे हे वकिलाचे पहिले कर्तव्य होय. पक्षकार रडत असतो, रागावलेला असतो, त्याला आशा ऐकावयाची असते. वकिलाने मात्र कागद पाहून बोलावयाचे असते. जे विद्यार्थी आज हा निर्णय घेत आहेत, त्यांना हा पहिला पक्षकार स्वतःच्याच रूपाने भेटला आहे. त्याला त्यांनी खरा सल्ला द्यावा, एवढीच इच्छा व्यक्त करून आपली रजा घेतो.